द्राक्षबागेतले अनुभव मोबाइलवरून वाहून जाऊ नयेत

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या वाचकांत द्राक्ष बागायतदारांची संख्या मोठी आहे आणि गोडी छाटणीचा हंगाम तोंडावर आला आहे, म्हणून हे पत्र आत्ताच पाठवत आहे. तासगाव तालुक्यात आमची साडेतीन एकर बाग आहे आणि गेली बारा वर्षे तिचे व्यवस्थापन मी स्वतः पाहते. या काळात मला जे काही शिकता आले, त्यातला फार मोठा वाटा मोबाइलवरच्या बागायतदार गटांचा आहे. बागेच्या कामात बाईमाणसाला सल्ला विचारायला दहा ठिकाणी जाणे जेव्हा सोपे नव्हते, तेव्हा या गटांनी मला घरबसल्या पाचशे बागायतदारांच्या पंगतीत बसवले. त्या गटांबद्दल मनात असलेल्या कृतज्ञतेपोटीच त्यांच्यातली एक मोठी उणीव आपल्या वाचकांपुढे मांडावीशी वाटते.

ज्यांचा द्राक्षाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. आपल्याकडे वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी करून काडी तयार करायची आणि पावसाळा सरताना गोडी छाटणी करून त्या काडीवर फळ घ्यायचे. गोडी छाटणीपासून काढणीपर्यंतचे चार-साडेचार महिने बागायतदार दिवस मोजत जगतो. पोंगा फुटला, पाने उमलली, घड दिसला, फुलोरा आला, मणी धरला, मण्यात पाणी उतरले, अशा प्रत्येक टप्प्यावर निर्णय वेगळा असतो आणि पुष्कळदा तो एका दुपारी घ्यावा लागतो. रिमझिम दोन दिवस टिकली आणि पाने रात्रभर ओली राहिली, तर डाऊनी, म्हणजे आपला जुना केवडा, हा रोग पानावरून घडावर जायला फार वेळ लागत नाही. अशा दुपारी गटावर संदेश येतो की जतकडे पाऊस सुरू झाला, कवठेमहांकाळला ढग भरून आले आहेत, आणि इकडे आम्ही फवारणी तासभर आधी उरकून घेतो. कोणता व्यापारी पैसे थकवून नाहीसा झाला, कोणत्या भागात दर काय चालला आहे, हेही तिथेच कळते. एवढ्यानेसुद्धा अनेकांचे हंगाम वाचले आहेत.

माझा स्वतःचा एक प्रसंग सांगते. सात वर्षांपूर्वी ऑक्टोबरमध्ये, गोडी छाटणीनंतरच्या अठराव्या दिवशी, बागेच्या खालच्या अंगाच्या चार ओळींत पानांवर पिवळट डाग दिसले. आदल्या दोन दिवसांत पावसाची भुरभुर होती, त्यामुळे काळजाचा ठोकाच चुकला. मी पानाचा फोटो काढून गटावर टाकला. अर्ध्या तासात चौदा उत्तरे आली. त्यातल्या बारांनी केवडा ठरवून टाकला होता आणि बारा जणांनी मिळून नऊ औषधांची नावे दिली होती. कोणी दोन औषधे मिसळून मारायला सांगितले, कोणी आजच रात्री बॅटरी लावून फवारा म्हणाले. तेवढ्यात पलूसकडचे एक वयस्कर बागायतदार, ज्यांना मी आजवर कधी भेटलेली नाही, त्यांनी विचारले, “ताई, पानाची खालची बाजू दाखवा. आणि काल-परवा काय फवारले होते ते सांगा.” मी पान उलटे करून फोटो टाकला. खालची बाजू स्वच्छ होती, पांढरी लव कुठेच नव्हती. आदल्या दिवशी विद्राव्य खत आणि बुरशीनाशक एकाच टाकीत कालवून फवारले होते, तेही सांगितले. त्यांनी सांगितले की डाग असलेली पाच-सहा पाने ओल्या फडक्यात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत रात्रभर ठेवा. केवडा असेल तर सकाळी खालच्या बाजूला पांढरी बुरशी उगवलेली दिसेल, नसेल तर ती कालच्या फवारणीची चटका लागलेली पाने आहेत. सकाळी पिशवी उघडली तेव्हा पाने जशीच्या तशी होती. चटकाच होता. त्या कोवळ्या पानांवर मी रात्री आणखी दोन औषधे मारली असती, तर काय झाले असते याचा विचार आजही नकोसा वाटतो.

त्या गृहस्थांनी औषधाचे नाव सांगितले नाही. त्यांनी दोन प्रश्न विचारले आणि घरच्या घरी करता येणारी एक परीक्षा शिकवली. ज्याला मी ज्ञान म्हणते ते हे, आणि हे ज्ञान त्या दिवशी गटातल्या सगळ्या माणसांच्या डोळ्यांसमोर होते.

यंदाच्या जानेवारीत माझ्या भाचीचा फोन आला. तिने नवी बाग धरली आहे आणि तिच्याकडेही जवळजवळ तसाच प्रकार झाला होता. मी तिला पिशवीची परीक्षा सांगितली, परंतु त्या दिवशीचे सगळे बोलणे, ते दोन्ही फोटो, कोणत्या खताबरोबर कोणते बुरशीनाशक किती प्रमाणात कालवले होते ते, हे सारे तिला दाखवावे म्हणून शोधायला लागले तर हाती काहीच लागले नाही. मधल्या काळात माझा फोन दोनदा बदलला होता. जुना गट भरला म्हणून नवा निघाला होता. पलूसच्या त्या गृहस्थांचा क्रमांक आता बंद लागतो. गटात नव्याने आलेल्या सभासदाला जुने बोलणे दिसत नाही, आणि जुन्यांपैकी कोणाच्या फोनमध्ये ते असलेच तर सुप्रभातचे संदेश, वाढदिवस, दराचे फोटो आणि राजकारण यांच्या ढिगाऱ्यातून ते कोण उपसणार? आवाजी संदेशांचे तर विचारूच नका. आमच्या भागातले उत्तम जाणकार लिहायचा कंटाळा करून बोलून सल्ला देतात, आणि तीन मिनिटांच्या त्या बोलण्यात नेमके काय होते ते पुढच्या वर्षी शोधण्याची काहीही सोय नसते. पूर्वी व्हॉट्सॲपच्या एका गटात २५६ माणसे मावत. २०२२ पासून १,०२४ मावतात. माणसे चौपट झाली तशी उत्तरेही वाढली, पण प्रश्न विचारणाऱ्याला उलट प्रश्न विचारणारा माणूस त्या गर्दीत ऐकू येईनासा झाला.

माझे म्हणणे एवढेच आहे की आपण बागायतदार एकमेकांना सल्ला भरपूर देतो, परंतु नोंद देत नाही. तारीख, जात, खुंट (ज्या मुळावर कलम केले ते झाड), जमीन, छाटणीपासूनचा दिवस, त्या आठवड्याचे हवामान, काय आणि किती प्रमाणात वापरले, आणि आठ-दहा दिवसांनी काय झाले, हे सगळे असेल तर ती नोंद. यातले शेवटचे तर जवळजवळ कधीच येत नाही. सल्ला घेणारा सल्ला घेतो, फवारतो आणि गप्प बसतो. गुण आला की नाही हे ना सल्ला देणाऱ्याला कळते, ना बाकीच्यांना, आणि पुढच्या हंगामात तोच सल्ला तितक्याच ठामपणे पुन्हा दिला जातो.

संदर्भ गळून पडलेला सल्ला किती महागात पडतो, याचे उदाहरण दरवर्षी डोळ्यांसमोर घडते. नाशिक जिल्ह्यात बागलाणकडे आगाप छाटणी घेतात. तिथे भर पावसाळ्यात बाग फुटलेली असते आणि त्या हवेत तिथले शेतकरी जे वेळापत्रक सांभाळतात, त्यामागे त्यांचा अनेक वर्षांचा अनुभव आहे. तेच वेळापत्रक कोणीतरी पुढे पाठवते, ते फिरत फिरत दोन महिन्यांनी आमच्याकडे येते, तेव्हा त्यावरचे गावाचे नाव आणि तारीख पुसलेली असते, आणि ऑक्टोबरातल्या तासगावच्या बागेत कोणीतरी ते जसेच्या तसे राबवते. मणी मोठा करण्यासाठी वापरतात त्या जिब्रेलिक आम्लाच्या बाबतीत तर एका जातीला जे प्रमाण मानवते ते दुसरीला मानवत नाही आणि दोन-तीन दिवस मागेपुढे झाले तरी घडाचा आकार बदलतो. मूळ सल्ला देणाऱ्याची यात काडीचीही चूक नसते. त्याने आपल्या बागेचे खरे तेच सांगितलेले असते.

नोंद केल्याने काय होऊ शकते हे आपल्या रोजच्या वापरातल्या बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकाइतके दुसरे कोणी सांगू शकणार नाही. फ्रान्समधल्या बोर्डो शहराजवळच्या मेडॉक भागात रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना यांचे निळसर पाणी शिंपडण्याची तिथल्या बागायतदारांची रीत होती. हेतू एवढाच की येणाऱ्या-जाणाऱ्यांनी ती विषारी दिसणारी द्राक्षे तोडून खाऊ नयेत. त्याच सुमारास अमेरिकेतून आलेल्या केवड्याने फ्रान्सच्या बागा उजाड व्हायला लागल्या होत्या. १८८२ मध्ये बोर्डो विद्यापीठातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मिलार्दे यांच्या लक्षात आले की रस्त्याकडेच्या त्या निळ्या वेलींची पाने हिरवीगार आहेत आणि आतल्या ओळींची गळून गेली आहेत. त्यांनी बागायतदारांना विचारले, पुढची दोन-तीन वर्षे प्रयोग करून पाहिले आणि १८८५ मध्ये प्रमाणांसह ते प्रसिद्ध केले. औषध बागायतदारांच्या हातात आधीपासून होते. ते औषध आहे हे मात्र कोणी पाहून, विचारून, मोजून लिहीपर्यंत त्यांनाही ठाऊक नव्हते. तो कागद छापला गेला म्हणून आज मी माझ्या बागेत एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना वेगवेगळा भिजवून शंभर लिटर पाण्यात एक टक्क्याचे मिश्रण करते, आणि आमचा गडी फवारणीआधी त्यात विळ्याचे पाते बुडवून पाहतो. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, आणखी घालायचा. ही विळ्याची परीक्षा करताना दरवेळी माझ्या मनात येते की आपल्या गटांवर आज असे किती बोर्डो मिश्रण रोज दिसत असतील आणि रोज संध्याकाळपर्यंत वर सरकून नाहीसे होत असतील.

आपल्या भागाला ही परंपरा परकी नाही. ज्या जातींवर महाराष्ट्राची द्राक्षशेती उभी राहिली त्यातल्या कित्येक शेतकऱ्यांच्या डोळ्यांनी हेरलेल्या आहेत. थॉमसन सीडलेसच्या बागेतली एक वेगळी वेल हेरून आमच्याच तालुक्यातल्या बोरगावच्या आर्वे यांनी तास-ए-गणेश ही जात पुढे आणली. सोलापूरजवळच्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी लांब मण्याची सोनाका निवडली, आणि तिच्या नावातच सोलापूर, नान्नज आणि काळे ही तीन अक्षरे गुंफलेली आहेत. या माणसांनी ती काडी आपल्या कुंपणाआड लपवून ठेवली असती तर? काडी गावोगाव गेली म्हणून ती जात झाली. माझे सासरे सांगत की त्या काळी डोळे भरायला, म्हणजे कलम करायला, काडी आणायची म्हणजे एसटीने जायचे, ज्याची बाग त्याच्याकडे मुक्काम करायचा, बाग फिरून पाहायची, पाणी कसे देता, शेणखत किती घालता हे विचारायचे आणि मग काडीचा जुडगा ओल्या पोत्यात गुंडाळून आणायचा. काडीबरोबर तिची सगळी हकिकत येत असे. आज आपल्याकडे हकिकतीशिवाय नुसती काडी येते आहे, असे म्हटले तर फार चूक होणार नाही.

आता ज्याबद्दल आपण सगळेच गप्प बसतो त्याविषयी लिहिते. चार वर्षांपूर्वी गटावर एका संजीवकाची, म्हणजे वाढीसाठी फवारायच्या औषधाची, फार चर्चा होती. मण्याची फुगवण चांगली होते, शिवाय पूर्ण जैविक आहे, असे तीन-चार जण आग्रहाने सांगत होते. मी ते आणून दोनदा फवारले. बाटलीवर घटकांची यादी नव्हती आणि तेव्हा मला त्याचे काही वाटले नाही, ही माझी चूक. निर्यातीआधी नमुना प्रयोगशाळेत गेला, तेव्हा मी आयुष्यात कधी हातात न धरलेल्या एका कीटकनाशकाचा अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाला. निर्यातीचा करार मोडला. थोडा माल स्थानिक बाजारात मिळेल त्या भावाने दिला आणि राहिलेल्याचा बेदाणा केला. हे मी गटावर मोकळेपणाने लिहिले, त्या रात्री दोघांचे स्वतंत्र फोन आले. दोघांचाही नमुना त्याच कारणाने नापास झाला होता, एकाचा तर माझ्या दोन वर्षे आधी. “सांगितले असते तर व्यापारी बागेकडे फिरकला नसता, वहिनी,” असे एक जण म्हणाला, आणि त्याची अडचण मला समजते. परंतु त्याने तेव्हा चार ओळी लिहिल्या असत्या तर माझा हंगाम वाचला असता. ज्यांनी ते संजीवक सुचवले होते त्यातला एक जण त्याच मालाची विक्री करत असे, हेही मला पुढे कळले. विक्रेत्याने गटात असू नये असे मी म्हणत नाही. त्यांच्यातही जाणकार आणि प्रामाणिक माणसे आहेत. पण आपण विक्रेते आहोत हे त्याने प्रत्येक शिफारशीसोबत लिहिले पाहिजे.

अपयश लपवल्याची किंमत एकट्यादुकट्यालाच मोजावी लागते असेही नाही. २०१० च्या हंगामात आपल्याकडून युरोपात गेलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वॉट क्लोराइड, म्हणजे आपण ज्याला सीसीसी म्हणतो, त्या वाढरोधकाचे अंश तिथल्या मर्यादेपेक्षा जास्त सापडले आणि कंटेनर अडकून पडले. काडीचा जोर आवरण्यासाठी ते कित्येक बागांत सर्रास वापरले जात होते आणि निर्यातपूर्व तपासणीच्या यादीत ते तेव्हा नव्हते. कोण, केव्हा, किती वापरतो याच्या नोंदी बागायतदारांनीच एकत्र ठेवल्या असत्या आणि त्या जाणकारांच्या नजरेखालून गेल्या असत्या, तर हा धोका कोणाच्या तरी लक्षात आधीच आला असता, असे मला प्रामाणिकपणे वाटते. त्या वर्षी आमच्या घरी बेदाण्याच्या शेडवर जागा उरली नव्हती आणि सासऱ्यांनी पुढचे दोन महिने बँकेचे नाव काढू दिले नाही, एवढे मला आठवते.

“माझे गुपित शेजाऱ्याला का सांगू, उद्या त्याचा माल माझ्या आधी खपेल,” असा एक विचार आपल्यात आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. बाजाराच्या दिवशी शेजारी प्रतिस्पर्धी असतो हे खरे. पण केवड्याचे बीजाणू वाऱ्याने आणि पावसाच्या शिंतोड्यांनी पसरतात, आणि शेजारची बाग पेटलेली असताना माझी एकटीची फवारणी किती दिवस पुरणार? २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाऊस थांबता थांबेना, तेव्हा सांगलीपासून नाशिकपर्यंत घड कुजले, जिरले आणि गळले. आमच्या शिवारात त्या वर्षी ज्या दोन बागा बऱ्यापैकी वाचल्या, त्या बागायतदारांनी दिवसागणिक काय केले हे मी नंतर घरी जाऊन विचारले आणि वहीत उतरवून आणले. दोघांनीही आनंदाने सांगितले. त्यांना तोवर कोणी विचारलेच नव्हते.

आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते. बागेला सर्वांत जवळून पाहणारी माणसे आपल्या गटांत नाहीतच. विरळणीला, म्हणजे घडातले जादा मणी काढायला, येणाऱ्या बायका दिवसभर एकेक घड हातात धरतात. दोन वर्षांपूर्वी त्यातली एक मला म्हणाली, “अक्का, ह्या वळीतला घड हाताला चिकट लागतोय बघा.” मी पाहिले तेव्हा वरून काहीच दिसत नव्हते, घडाचा देठ बाजूला करून ओलांड्याची, म्हणजे वेलीच्या आडव्या खोडाची, सुटलेली साल उचलली तेव्हा तिच्याखाली पिठ्या ढेकूण सापडला. ती चार झाडे तिथेच आवरली म्हणून कीड पुढे सरकली नाही. तिच्याकडे साधा फोन आहे. तिचे हे निरीक्षण कोणत्या गटावर जाणार? मी आता विरळणीच्या दिवसांत दुपारच्या भाकरीच्या वेळी बायकांना विचारते की आज काय वेगळे दिसले, आणि त्या जे सांगतील ते ओळीच्या क्रमांकासह लिहून ठेवते. ज्यांच्या बागेत मजूर येतात त्या प्रत्येकाला हे करता येईल.

उपाय म्हणून मी जे सुचवते आहे त्याला मोठा खर्च नाही. निर्यातीसाठी बागेची नोंदणी करणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला फवारणीची वही ठेवावीच लागते, म्हणजे निम्मी नोंद आजही आपल्या कपाटात कागदावर आहे. तिच्यात निकालाचा एक रकाना वाढवला आणि दर हंगामाच्या शेवटी त्यातल्या निवडक, शिकण्यासारख्या नोंदी, विशेषतः फसलेल्या, एका ठिकाणी जमा केल्या, तर दोन-तीन वर्षांत मराठीत असा संग्रह उभा राहील ज्यात “थॉमसन, अठरावा दिवस, पिवळे डाग” असे शोधले की दहा बागांची हकिकत समोर येईल. त्यासाठी गटांच्या चालकांनी प्रत्येक तालुक्यात दोन नोंदकर्ते नेमावेत. आवाजी सल्ले ऐकून देवनागरीत उतरवण्याचे काम कृषी महाविद्यालयांचे विद्यार्थी करू शकतील आणि त्यांचे शिक्षणही त्यातून होईल. नोंदीवर शेतकऱ्याचे नाव नसले तरी चालेल. गाव, जात आणि तारीख असली म्हणजे पुरे, म्हणजे नमुना नापास झालेल्यालाही लिहिताना व्यापाऱ्याची भीती वाटणार नाही. शास्त्रीय पडताळणीशिवाय मात्र हा संग्रह खुला करू नये, कारण चुकीची नोंद छापली गेली की ती चुकीच्या सल्ल्याहून अधिक काळ टिकते. पुण्याजवळ मांजरी येथे १९९७ पासून राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, द्राक्ष बागायतदार संघ आहे, कृषी विज्ञान केंद्रे आहेत. मांजरीचे शास्त्रज्ञ हवामानानुसार सल्ला देतात आणि कोणती रसायने काढणीआधी किती दिवस थांबवायची याची यादी प्रसिद्ध करतात. तिचा मला वैयक्तिक फार उपयोग झाला आहे. त्यांच्याकडून आपल्याकडे येणारी वाट चांगली मळलेली आहे. आपल्या बागांतून त्यांच्याकडे जाणारी वाट मात्र अजून पडायची आहे.

गटांवर तोवर एक साधा नियम सुरू करता येईल आणि आमच्या गटाने तो गेल्या खरड छाटणीपासून केला आहे. प्रश्न टाकताना पानाच्या दोन्ही बाजूंचा फोटो, छाटणीपासूनचा दिवस, जात, आणि मागच्या तीन फवारण्या दिल्याशिवाय कोणी औषध सुचवायचे नाही. आणि ज्याने सल्ला घेतला त्याने दहाव्या दिवशी त्याच फांदीचा फोटो टाकून काय झाले ते लिहायचे. पहिले काही दिवस लोक वैतागले. दोघे-तिघे गट सोडूनही गेले. पण चौदा उत्तरांच्या जागी आता तीन-चार येतात आणि ती देणारे आधी विचारतात, मग बोलतात. दहाव्या दिवसाचा फोटो अजून निम्मे लोकच टाकतात, त्यासाठी मी आणि आणखी दोघे जण रोज संध्याकाळी आठवण करतो.

मी माझ्या मागच्या सहा हंगामांच्या नोंदी या उन्हाळ्यात संगणकावर उतरवून काढल्या आहेत. त्यात नापास झालेल्या नमुन्याची पूर्ण हकिकत आहे, चटका लागलेल्या त्या चार ओळींचे मला आठवले तेवढे सगळे आहे, आणि २०१९ च्या पावसात वाचलेल्या त्या दोन बागांचे दिवसागणिक टिपणही, त्या दोघांच्या परवानगीने, जोडले आहे. गोडी छाटण्या सुरू होण्याआधी जी संस्था किंवा जो गट हे काम हाती घेईल, त्यांच्याकडे मी त्या विनामूल्य सोपवीन. आपल्या वाचकांपैकी ज्यांच्या कपाटात अशा वह्या असतील, त्यांनी त्या रद्दीत घालू नयेत आणि आपापल्या तालुक्यातल्या गटचालकांना त्याबद्दल कळवावे, अशी विनंती आपल्या दैनिकामार्फत करते.

आपली,
एक द्राक्ष बागायतदार,
तासगाव तालुका, जि. सांगली